मुकी बाई कुणी घडवली?

मार्च महिना लागला की कलादालनांच्या भिंतींवर एक ठरावीक बाई चढते. तिचे डोळे मोठे असतात, कपाळावर ठसठशीत कुंकू असतं, पण तोंड नसतं. कधी तोंडाच्या जागी टाके घातलेले असतात, कधी कुलूप, कधी पिंजरा. खाली पाटी असते: ‘अबोल’, ‘मूक’, ‘अंतरंग’. उद्घाटनाचे पाहुणे तिच्यासमोर उभे राहून हळहळतात आणि चित्रकार (अलीकडे बहुधा चित्रकर्तीच) सांगते, शतकानुशतकं दाबलेल्या स्त्रीला मी आवाज दिला आहे. एकपात्री प्रयोगांत आणि लघुपटांत हीच बाई वेगळ्या साडीत भेटते.

या कलावंतांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दडपणूक झाली, तीही आपल्या कल्पनेपेक्षा जास्त झाली, याबद्दल तर नाहीच. माझं भांडण त्या न काढलेल्या तोंडाशी आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर आपल्या आज्या-पणज्यांना तोंड होतं आणि त्या ते भरपूर वापरत होत्या. त्या काय बोलल्या याचे ढीगभर पुरावे आहेत. ते वाचायला वेळ नाही, ऐकायला कान नाही, म्हणून त्यांना मुकं ठरवून त्यांच्या वतीने आपणच बोलायचं, हा प्रकार मला दडपणुकीचाच पुढचा हप्ता वाटतो.

सुरुवात जात्यापासून करू. पहाटे अंधारात उठायचं, एकटीला जातं जड जातं म्हणून समोर जाऊ नाहीतर शेजारीण बसवायची, खुंट्याला हात घातला की गळा सुरू. छोटी ओवी, एकीतून दुसरी, दळण सरेपर्यंत. त्या वेळी घरातले पुरुष झोपलेले असत किंवा झोपेचं सोंग घेऊन पडलेले. जात्याची घरघर बाईचं बोलणं झाकायला पुरेशी होती. बाईला घरात मोकळं बोलायला एवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती, आणि तिने ती पुरेपूर वापरली.

या ओव्यांत विठ्ठल असतो, माहेर असतं, मुराळी होऊन येणारा भाऊ असतो, त्याचं मन फिरवणारी भावजय असते. एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. शाळेत जे येत नाही तेही तिथेच असतं. पिऊन येणारा नवरा असतो, सवतीचा जाच असतो, मूल होत नाही म्हणून ऐकावं लागणारं बोलणं असतं, रस्त्याने जाताना अंगावर फिरणाऱ्या पुरुषी नजरा असतात. मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत, त्यांत तर अख्ख्या चळवळीचा इतिहास आहे. सीतेवरच्या ओव्या तर गावोगाव आहेत. सीतेचा सासुरवास थोडा थोडा करून देशोदेशीच्या बायांना वाटला, अशा अर्थाची एक ओवी अनेक ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत मिळते. म्हणजे पोथीतली सीता पूजेला गेली आणि तिच्या वाट्याचं दुःख मात्र आम्ही वाटून घेतलं. रामायणावरची इतक्या थोडक्यात केलेली आणि इतकी कडक टीका माझ्या तरी वाचनात नाही. ही टीका करणाऱ्या बाईला आपण अबोल म्हणतो!

भोंडल्याचंच पाहा. ‘कारल्याचा वेल’ घराघरांतल्या मुलींना पाठ आहे. सून माहेरी जायचं विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला, तर वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. अट पुरी झाली की पुढची अट तयार. परवानगी कधी नाकारायची नाही, फक्त पुढे ढकलत राहायची, हे सत्तेचं जुनं तंत्र या गाण्याने जसंच्या तसं पकडलंय. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ते कळेल. हल्ली सोसायट्यांमध्ये आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत भोंडला मोठ्या हौसेने होतो, पाटावर हत्ती काढतात, खिरापत ओळखतात. गाणं म्हणतात. ऐकत मात्र कुणी नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं लोकसाहित्य म्हणून आपण जपलंच आहे की. जपलंय, आणि ज्यांनी जपलं त्यांचं ऋण मोठं आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली. पण अशा बहुतेक संकलनांत ओव्या विषयवार लावल्या जातात, आई, भाऊ, बाळ, पंढरी, आणि गाणारी बाई ‘स्त्रीमन’ नावाच्या एका मोठ्या पोत्यात जाते. तिथे ती कुणीही असते. कुणीही असणं आणि कुणीच नसणं यात फार अंतर नाही.

हे टाळता येतं, हे सिद्धही झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब कष्टकऱ्यांबरोबर काम करता करता १९८०च्या दशकात ओव्या जमवायला सुरुवात केली. हा संग्रह १,१०,०००च्या आसपास गेला. गावं अकराशेच्या वर, गाणाऱ्या तीन हजारांच्या वर. पुढे बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर त्या ओव्या येऊ लागल्या. संख्येपेक्षा मला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो, जात असते, जमलं तर वय, मुलंबाळं, आणि आज ती काय करते तेही. शेतमजुरी करणारी, विहीर खणताना दगड उचललेली, कुणी परित्यक्ता. एवढं कळल्यावर तीच ओवी वेगळी ऐकू येते. नवऱ्याच्या मायेची ओवी सुखात नांदणारीने गायली की टाकून दिलेलीने गायली, यावर तिचा अर्थ ठरतो. ‘स्त्रीमन’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

ओवी सामुदायिक असते, तिचा कर्ता एक नसतो, हा आक्षेप खरा आहे. पण संगीतात बंदिशही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. म्हणून गायकाचं नाव मैफिलीच्या पत्रिकेतून आपण काढत नाही. जात्यावर बसलेली बाईही शब्द बदलत होती, एखाद्या ओळीत स्वतःच्या भावाचं नाव घालत होती, नको ती ओळ गाळत होती. हे सगळे निर्णय कलेचे आहेत.

बाई नावासाठी बोलत नव्हती, अनामिक राहणं हा तिचा विनय होता, असंही सांगतात. मग जनाबाईचं काय करायचं? सातेकशे वर्षांपूर्वी, परक्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या बाईने अभंगाच्या शेवटी आपलं नाव ठोकून बसवलं. ‘नामयाची दासी’ म्हणून का होईना, पण बसवलं. सतराव्या शतकातल्या शिऊरच्या बहिणाबाईने तर आपलं आयुष्यच अभंगांत लिहून ठेवलं. नवरा कर्मठ ब्राह्मण, त्यात हिने तुकोबांना गुरू मानलं. त्यापायी खाल्लेला मार तिने लपवला नाही. अभंगाला नाममुद्रेची जागा होती, ओवीला नव्हती. एवढाच प्रश्न होता, विनयाचा नव्हता.

आणि खानदेशातल्या दुसऱ्या बहिणाबाईंचं उदाहरण मला कायम अस्वस्थ करतं. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्याने आणि एका नातलगाने काही गाणी वहीत टिपली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. मराठी कवितेतला हा चमत्कार म्हणून आपण सांगतो. चमत्कार बहिणाबाईंच्या कवितेत होता, ती मिळण्यात होता तो योगायोग. मुलगा कवी निघाला. जळगाव जिल्ह्यात, नाही तर बीड-सांगलीत, आणखी किती बायांना असा मुलगा मिळाला नसेल? त्यांची गाणी त्यांच्याबरोबर गेली आणि आपण निष्कर्ष काढला की त्या गप्प होत्या.

वारली चित्रांत हेच उलट्या बाजूने दिसतं. आज साड्यांवर, मगांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसणारी ही कला मुळात लग्नाच्या वेळी काढायच्या चौकाची. हा लग्नचौक सवाशिणी काढत आणि त्याचे विधी धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली बाया, गात. म्हणजे रेषाही बायांची आणि मंत्रही बायांचा. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणू भागात गेले आणि जगाला जिव्या सोमा मशे हे नाव कळलं. मशे थोर चित्रकार होते, त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच. त्यांनी विधीच्या चौकाबाहेर पडून शेतं, मासेमारी, मुंग्यांची वारुळं अशी अख्खी दुनिया काढली. त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही मला. पण भिंतीवर होती तोवर ती कला बायांची आणि निनावी, आणि कागदावर येऊन तिला किंमत आली तेव्हा ती पुरुषाच्या नावाची, हा क्रम केवळ डहाणूचा नाही.

दुसरीकडे, जे ‘स्त्रीचं अंतरंग’ म्हणून आपल्या परंपरेत मान्यता पावलं त्यातलं पुष्कळसं पुरुषांनी लिहिलेलं आहे. पेशवाईतल्या शृंगारिक लावणीतली विरहाने तळमळणारी बाई शाहिरांची. ती ओठांवर आली नाचणाऱ्या बायकांच्या, ज्यांना स्वतःच्या तळमळीबद्दल कुणी विचारलं नाही. मग संगीत नाटक आलं. बालगंधर्वांनी स्त्रीचं लाजणं, रुसणं, झुरणं असं काही उभं केलं की घरंदाज बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसू लागल्या. गंधर्वांच्या गळ्याला माझं नमन आहे. तरी बाईने बाई कसं असावं हे एका पुरुषाकडून शिकावं, हा प्रकार गमतीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

१९३३ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ती घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात कौतुकाने नोंदली गेली. त्याच वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, घरच्यांना त्यांचा पगार कसा हवासा होतो, त्यांच्या शरीराला काय हवं असतं, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लेखिका विभावरी शिरूरकर. गदारोळ उठला. लेखिकेचं म्हणणं खरं की खोटं यापेक्षा ही विभावरी कोण, याचीच चर्चा जास्त झाली. त्या नावामागे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. बाईने रंगमंचावर उभं राहून लेखकाचे शब्द म्हणणं समाजाला पचलं. तिने स्वतःचे शब्द लिहिले, तेव्हा मात्र तिला स्वतःचं नाव लपवावं लागलं.

लपवण्याचे प्रकार जातीप्रमाणे आणि घराप्रमाणे बदलतात. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं आणि ते नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. बाहेर जातीशी लढा, घरात नवऱ्याचा धाक. त्या पुस्तकात दोन्ही आहे. महारवाड्यातल्या सुनांचे हाल करणाऱ्या सासवा आहेत, आपल्याच माणसांचा मार आहे आणि बाबासाहेबांच्या हाकेने उठलेल्या त्याच बाया आहेत. बाहेरच्यांपुढे आपली लक्तरं कशाला, हा दबाव त्यांच्यावर नसेल असं कोण म्हणेल? अभिनेत्री हंसा वाडकरांनी तर आत्मचरित्राच्या नावातच ‘सांगत्ये ऐका’ असं बजावलं. पुढे १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावर आधारलेला ‘भूमिका’ केला. स्मिता पाटील अप्रतिमच आहे त्यात. पण चित्रपट पाहिलेल्यांपैकी मूळ पुस्तक किती जणांनी हातात घेतलं?

यावर कुणी विचारेल की मग पुरुषाने बाईबद्दल लिहूच नये का? किंवा आजच्या बाईने कालच्या बाईबद्दल? लिहावं की. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक पुरुषाने लिहिलंय आणि त्यातलं, खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंचं स्वगत मराठी नाटकातलं सर्वांत धारदार स्त्रीभाषण आहे असं मला वाटतं. ते खरं वाटतं याचं कारण नाटकाच्या रचनेत आहे. बेणारे बोलते तेव्हा रंगमंचावरची बाकीची पात्रं गोठलेली असतात. तिचं बोलणं त्या कोर्टात नोंदलंच जात नाही. ते संपतं आणि निकाल असा सुनावला जातो जणू ती काही बोललीच नाही. तेंडुलकरांनी तिला आवाज दिला असा दावा त्या नाटकात कुठे नाही. तिचा आवाज ऐकू न येण्याची व्यवस्था कशी चालते, ते त्यांनी दाखवलं. प्रेक्षक म्हणून आपल्याला ऐकू येतं, म्हणूनच आपली सुटका होत नाही.

आजच्या कलेतला मोठा दोष मला इथे दिसतो. तिला कालची बाई दोनच रूपांत हवी असते: सोसणारी, नाहीतर आजच्यासारखी बंडखोर. या दोन्ही साच्यांत न बसणारं मन समोर आलं की तिची पंचाईत होते. आनंदीबाई जोशी यांचंच घ्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ होऊन गेलेलं, १८८३ साली एकटी अमेरिकेला, १८८६ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी., आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मृत्यू. बावीसही पुरी नव्हती. हिच्यावर कादंबरी झाली, मालिका झाली, नाटक झालं, सिनेमा झाला. कुठे नवरा गोपाळराव विक्षिप्त पण प्रेमळ गुरू, कुठे ती त्यांच्या हट्टाची बळी.

तिने स्वतः मात्र पत्रांचा ढीग मागे ठेवलाय. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात ती त्याला लहानपणच्या माराची आठवण करून देते. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेलं, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या-पुस्तकं भिरकावलेली, सोडून जाईन म्हणून घातलेला धाक, सगळं वयानिशी. आणि मग म्हणते की ते वागणं बरं की वाईट हे ठरवणं कठीण आहे. ‘मला विचाराल तर दोन्ही,’ असं तीच लिहिते. एकोणिसाव्या शतकातली विशीच्या आसपासची मराठी मुलगी, परमुलखात, स्वतःच्या आयुष्याचा असा हिशेब मांडते. त्यात ती रडत नाही, क्षमा करत नाही आणि आरोप ठेवून मोकळीही होत नाही. सगळं समोर मांडून निकाल राखून ठेवते. या वाक्यात जेवढं अंतरंग आहे तेवढं तिच्यावरच्या एकाही कलाकृतीत मला सापडलेलं नाही, कारण प्रत्येकीला निकाल द्यायची घाई होती.

बायांनी मागे ठेवलेलं वाचायचं तर न आवडणारंही वाचावं लागतं, आणि इथे आपली खरी परीक्षा आहे. ओव्यांमध्ये मुलगाच हवा म्हणून घातलेली साकडी आहेत. वांझ बाईचा अपशकुन आहे. सवतीला दिलेले शाप आहेत, खालच्या म्हटलेल्या जातींबद्दल तुच्छता आहे, जातीचा आणि वतनाचा तोरा आहे. मार खाऊनही नवऱ्याच्या कुंकवासाठी केलेली आर्जवं आहेत. प्रदर्शनासाठी ओव्या निवडणारे हे सगळं गाळतात आणि दोन-चार चटकदार बंडखोर ओळी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावतात. मला हे साने गुरुजींच्या काळातल्या सोवळेपणापेक्षा फार वेगळं वाटत नाही. तेव्हा सोज्ज्वळ बाई हवी होती, आता लढाऊ हवी आहे. दोन्ही वेळा निवड ऐकणाऱ्याच्या गरजेने झाली. दडपणुकीने माणसाच्या मनाचं काय होतं, ते कुणाला कुणाच्या वर उभं करतं, कुणावर राग काढायला शिकवतं, हे समजायचं असेल तर त्या गाळलेल्या ओव्यांइतका चांगला पुरावा नाही.

जात्याबद्दलच्या हळवेपणाचंही असंच. जातं गेलं, ओवी गेली, म्हणून गळा काढणाऱ्यांनी एकदा पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळून पाहावी. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि बरंच केलं. ओवी टिकावी म्हणून दळणाचे कष्ट टिकावेत अशी इच्छा दळणारीने कधी धरली नसती.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो. ज्या बायांचं काहीच उरलं नाही त्यांचं काय? केशवपन करून माजघराच्या अंधारात बसवलेल्या, विहीर जवळ केलेल्या, बाळंतपणात गेलेल्या, ज्यांची ना ओवी ना पत्र. त्यांच्यासाठी कल्पनेशिवाय दुसरं साधन कुठे आहे? नाहीच. तिथे कलेचीच गरज आहे. पण ती कशी करावी याचा वस्तुपाठ आपल्याकडे १८८२ सालचा आहे.

सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भक मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या घसरलेल्या नीतीवर प्रवचनं झोडली. तिकडे बुलढाण्यात ताराबाई शिंदे भडकल्या आणि त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. विजयालक्ष्मीच्या मनात काय होतं हे ताराबाईंना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी ते कळल्याचा आवही आणला नाही. तिच्या तोंडी एकही भाषण घातलं नाही. त्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फटकळ वऱ्हाडी जिभेने बोलल्या आणि रोख ठेवला तो तिला त्या कोर्टापर्यंत आणणाऱ्यांवर: पुनर्विवाह अडवणाऱ्यांवर, फूस लावून नामानिराळे राहणाऱ्यांवर, शास्त्र आपल्या सोयीने वाचणाऱ्यांवर. जिचं काही उरलं नाही तिच्याबद्दल बोलताना तिची रिकामी जागा रिकामीच ठेवली आणि भोवतालच्या सगळ्यांची झडती घेतली.

त्या पुस्तकाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. टीका झाली. १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. मग ते पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. ९३ वर्षं! १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणाऱ्या मुक्ता साळवेचंही तसंच. चौदा वर्षांची, फुल्यांच्या शाळेतली मुलगी वेद ज्यांचे आहेत त्यांना सवाल करते. त्यानंतर तिने काय लिहिलं, कशी जगली, हे आपल्यापर्यंत आलेलं नाही. ताराबाई आणि मुक्ता या दोघी गप्प नव्हत्या. त्यांना गप्प केलं गेलं, तेही बोलून झाल्यावर. ‘अबोल’ अशी पाटी लावली की हे कुणी केलं हा प्रश्नच विचारावा लागत नाही. म्हणून ती पाटी इतकी सोयीची आहे.

आता करायचं काय, तर काही गोष्टी अगदी रोकड्या आहेत. अनुदान घेऊन स्त्री-इतिहासावर नाटक, चित्रमालिका, लघुपट करणाऱ्यांना एक साधी अट असावी: तुम्ही कुठले मूळ शब्द वाचले, ऐकले, ते सांगा. वस्तुसंग्रहालयांत गोधडी, जातं, फणी, करंडा यांच्या पाट्यांवर धातू आणि शतक लिहितात, तिथे देणारं घर माहीत असेल तर वापरणारीचं नाव लिहायला खर्च येत नाही. चित्रपटात किंवा जाहिरातीत ओवी घेतली की श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळं होतात, म्हणजे पैसे संगीतकाराला आणि ओवी हवेतून आलेली. ध्वनिमुद्रण वापरलं असेल तर तसं मोकळं होता येऊ नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्याचे हक्क आले आणि २०१२ साली व्यावसायिक वापरातल्या मानधनाचा वाटाही. शेतमजुरी करणाऱ्या सत्तरीच्या गायिकेला हे कोण सांगणार? तिच्या आवाजावर कला करणाऱ्यानेच सांगायला हवं.

आणि शाळेच्या पुस्तकात कवितेजवळ कवीचा परिचय असतो, तसा तो ओवीजवळही द्यावा. ज्या बाईकडून घेतली तिचं नाव, गाव, काम. ती बहुधा म्हणेल, माझं कसलं नाव घालता, मला आईने शिकवली. मग आईचंही घाला.